नाईट शिफ्टची पायरी: रबाळ्यातल्या एका कारखान्यातलं प्रकरण

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतला हा कारखाना औषध कंपन्यांना लागणारी इंटरमीडिएट्स, म्हणजे औषध तयार होण्याच्या मधल्या टप्प्यातली रसायनं, बनवतो. मालकी घरची, आता दुसरी पिढी कारभार बघते. कायम आणि कंत्राटी मिळून दोनशेच्या आसपास माणसं. क्यूसी (मालाची तपासणी), क्यूए (गुणवत्तेची हमी) आणि आर अँड डी (संशोधन) या विभागांत निम्म्याहून जास्त बायका. प्रोडक्शनमध्ये मात्र ट्रेनी केमिस्ट मुली सोडल्या तर कुणी नाही. टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. सकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीतून रबाळ्याला उतरून केमिकल कारखान्यांकडे चालू लागणाऱ्या बायका बहुतेक लॅबमध्ये, अकाउंट्समध्ये नाहीतर पॅकिंगमध्ये जातात.

प्रोडक्शन मॅनेजर वर्षभरात निवृत्त होणार होते. त्याच सुमारास सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडून पुरवठादारांसाठीची प्रश्नावली आली. शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीने 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाच्या सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केला आहे. संचालक मंडळावर किती महिला, बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी कामावर परतल्या, पगार कसे आहेत, हे त्यात लिहावं लागतं. मोठ्या कंपन्या मग तसेच प्रश्न खाली आपल्या पुरवठादारांना विचारू लागतात. 'मॅनेजर व त्यावरील पदांवरील महिला' या रकान्यात इथे एकच नाव होतं, मालकांच्या पत्नीचं, आणि त्या कारखान्यात येत नसत.

एचआरने उपाय काढला: वाशीच्या हॉटेलात एक दिवसाची कार्यशाळा, विषय आत्मविश्वास आणि नेतृत्व, तारीख अर्थातच 8 मार्चच्या आसपासची. बोलायला मला बोलावलं होतं. मी म्हटलं, आधी अप्रेझलच्या फायली बघू द्या. ती कार्यशाळा पुढे झालीच नाही आणि कुणाला तिची आठवणही आली नाही.

फायलींतलं

फायलींत वाईट काही नव्हतं. बायकांचे गुण चांगले होते, काही वर्षी पुरुषांपेक्षा जास्तच. पण कुणाला कुठलं काम दिलं गेलं ते शेजारी शेजारी मांडल्यावर दोन वेगळे रस्ते दिसू लागले. वार्षिक शटडाउन (देखभालीसाठी प्लांट बंद ठेवणं), नव्या रिॲक्टरचं कमिशनिंग (पहिल्यांदा चालू करणं), कंत्राटदाराशी दर ठरवणं, युनियनबरोबरची बैठक ही सगळी पुरुषांकडे. ग्राहकाच्या ऑडिटची तयारी, डेव्हिएशनचे (ठरल्यापेक्षा वेगळं काही घडल्याचे) तपास, एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धती) लिहिणं, नव्या माणसांचं ट्रेनिंग, शिवाय सत्यनारायणाची पूजा आणि पिकनिक, हे बायकांकडे. 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीचं अध्यक्षपद वरिष्ठ महिलेकडे असावं लागतं, तेही क्यूसीतल्या डेप्युटी मॅनेजर बाई वर्षानुवर्षं सांभाळत होत्या. त्यांच्या केआरएमध्ये (ज्यावर मूल्यमापन होतं त्या जबाबदाऱ्यांच्या यादीत) मात्र त्याचा उल्लेख नव्हता. ऑडिटरच्या प्रश्नांना दिवसभर उत्तरं द्यायच्या त्याच; क्लोजिंग मीटिंगला प्रोडक्शन मॅनेजर आणि मालक बसायचे.

या बाईंना इथे मॅडम म्हणते, कारखान्यात सगळे तसंच म्हणतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी., राहायला कळव्याला. सुरुवातीची वर्षं त्या प्लांटमध्ये इन-प्रोसेस चेकवर (बनत असलेल्या मालाच्या तपासणीवर) होत्या. फर्स्ट आणि सेकंड शिफ्ट करायच्या, रिॲक्टरशेजारी उभं राहून सॅम्पल काढून घ्यायच्या, चार्जिंगचा (रिॲक्टरमध्ये माल टाकण्याचा) क्रम ऑपरेटरइतकाच पाठ. 2014 मध्ये मुलगी झाली. तेव्हा पगारी रजा 12 आठवड्यांची होती. 26 आठवडे झाले ते 2017 च्या दुरुस्तीने. रजा संपवून मॅडम परतल्या तेव्हा त्यांचं टेबल डॉक्युमेंटेशनला हललेलं होतं आणि शिफ्ट जनरल झाली होती.

हे कुणी ठरवलं, असं मी प्रोडक्शन मॅनेजरना विचारलं.

"मीच," ते मोकळेपणाने म्हणाले. "तिला त्रास नको म्हणून. घरी तान्हं मूल होतं."

तिला विचारलं होतंत?

"विचारायचं काय त्यात?"

हे गृहस्थ वाईट मुळीच नाहीत. मॅडमचं पहिलं प्रमोशन त्यांनीच मालकांशी भांडून मिळवून दिलं होतं. तरी मला या प्रकरणाची गाठ इथेच दिसते. चांगल्या मनाने घेतलेल्या त्या एका निर्णयाने मॅडम प्लांटच्या बाहेर गेल्या. मग प्लांटचा अनुभव नाही म्हणून प्लांटमधली पदं दरवेळी दुसऱ्यांना गेली. आणि आता मॅनेजरपदासाठी एचआरने लिहिलेल्या पात्रतेची पहिली ओळ होती: शिफ्ट इन्चार्ज म्हणून किमान पाच वर्षं. नाईट केल्याशिवाय इन्चार्ज होता येत नव्हतं आणि बायकांना नाईट मिळत नव्हती. आडवं आलेलं कुणी शोधायला गेलो असतो तर एकही माणूस सापडला नसता, म्हणूनच तक्रारही कधी कुणी केली नाही.

"कायद्याने चालत नाही"

हे वाक्य मला सिक्युरिटीच्या केबिनपासून मालकांच्या केबिनपर्यंत ऐकायला मिळालं. त्यात पूर्वी तथ्य होतं. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 66 ने बायकांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेबाहेर कामावर ठेवायला मनाई केली होती. राज्य सरकारला ही वेळ थोडी पुढेमागे करता येई, पण रात्री 10 ते पहाटे 5 नाहीच. त्याहून मजेशीर कलम 64. सुपरवायझर आणि मॅनेजर मंडळींना कामाच्या तासांच्या नियमांतून त्या कलमाने सूट देता येई, पण कलम 66 मधली ही मनाई तेवढी त्या सुटीतून वगळलेली. म्हणजे पुरुष मॅनेजर रात्रभर प्लांटमध्ये थांबला तर ती त्याची निष्ठा, आणि बाई मॅनेजर झाली तरी तिचं तिथे असणं बेकायदा.

मद्रास उच्च न्यायालयाने 2000 मध्ये ही मनाई घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने 2015 मध्ये कायद्यात आपली दुरुस्ती करून बायकांना रात्रपाळीची वाट मोकळी केली. अटी सुरक्षिततेच्या, सन्मानाच्या, छळापासून संरक्षणाच्या आणि घरापर्यंतच्या वाहनाच्या. केंद्राच्या 2020 च्या संहितेतही बाईच्या संमतीने रात्रपाळी चालते, आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. रबाळ्यातल्या या कारखान्यात मात्र 1948 सालच चालू होतं. कायदा बदलल्याचं एचआरला माहीत नव्हतं असंही नाही. त्याचा संबंध आपल्या रोस्टरशी आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आत्ताच का?"

मालकांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून मॅनेजरपदाचं विचारलं आणि मॅडमनी नाही म्हटलं. "बघा, त्यांनाच नकोय," एचआर मला म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

कँटीनमध्ये मॅडमशी बोलले तेव्हा कळलं की नकारामागे चोख हिशेब आहे. मुख्य प्रॉडक्टचं यील्ड (कच्च्या मालातून हाती येणाऱ्या मालाचं प्रमाण) कित्येक महिने घसरत होतं, बॅचेस रिजेक्ट होत होत्या, आणि प्रत्येक डेव्हिएशनचा तपास त्यांच्याच टेबलावरून जात असल्यामुळे प्लांट किती खोलात आहे हे त्यांच्याइतकं मालकांनाही ठाऊक नव्हतं. "ताई, इतकी वर्षं कुणाला माझी आठवण झाली नाही. आत्ताच का? उद्या प्लांट बुडाला तर म्हणतील, बाईच्या हातात दिला होता ना."

ब्रिटिश कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास करून मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी 2005 मध्ये हेच मांडलं होतं: बाईला मंडळावर घेण्याआधीचे काही महिने त्या कंपनीचे वाईट गेलेले असण्याची शक्यता जास्त असते. मॅडमना त्यासाठी अभ्यास वाचायची गरज पडली नाही, बॅच रेकॉर्ड पुरेसे होते. आत्मविश्वासाची कार्यशाळा मी का टाळली ते आता सांगायला नको. ज्या बाईला धोका इतका स्वच्छ दिसतो तिला 'स्वतःवर विश्वास ठेवा' सांगणं हा तिचा अपमान आहे.

काही दिवसांनी मॅडम स्वतःच अटी घेऊन आल्या. थेट मॅनेजरपद नको, आधी शिफ्ट इन्चार्ज, नाईटसकट. बॅच थांबवण्याचा, माल होल्डवर टाकण्याचा आणि ओव्हरटाइम मंजूर करण्याचा अधिकार तोंडी नको, लेखी हवा. नाही जमलं तर क्यूसीतली जागा परत. आणि एकटी जाणार नाही, प्रोडक्शनमध्ये आणखी दोघी तरी हव्यात. "एकटी असले की माझी चूक सगळ्या बायकांच्या नावावर जाते." मालकांना चौथी अट सगळ्यात विचित्र वाटली. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची होती.

दरम्यान आम्ही पात्रतेची ती पहिली ओळ सोडवायला घेतली. पाच वर्षांत इन्चार्ज नेमकं काय शिकतो? निवृत्त होणाऱ्या मॅनेजरनाच समोर बसवून यादी काढली. स्केल-अप (लॅबमधली प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर नेणं), यील्डचा हिशेब, बॅच का फसते याची समज: यात मॅडम दोन्ही इन्चार्जांपेक्षा सरस, हे त्यांनी स्वतः कबूल केलं. माणसांचं रोस्टर, मेंटेनन्सशी ताळमेळ, हॉट वर्कचं (वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाचं) परमिट, ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर) लोड किती सोडायचा, रात्री काही बिघडलं तर निर्णय: हे त्यांनी केलेलं नव्हतं. म्हणजे कमतरता पाच वर्षांची नव्हती, पाच कामांची होती, आणि ती कामं दिल्याशिवाय येणारी नव्हती. नऊ महिन्यांचं पोस्टिंग ठरलं. त्यात एक वार्षिक शटडाउन पूर्ण मॅडमच्या नावावर.

नाईट

रात्रपाळीच्या तयारीत वेळ गेला तो भलत्याच ठिकाणी. बायकांचं टॉयलेट ॲडमिन इमारतीत, आणि ती इमारत रात्री आठला बंद व्हायची. किल्ली सिक्युरिटीकडे. म्हणजे रात्री दोनला एखादीला जायचं झालं तर अंगण ओलांडून गार्डकडे किल्ली मागायची. नेतृत्वविकासाच्या कुठल्याही आराखड्यात ही किल्ली दिसत नाही. प्रोडक्शन ब्लॉकला लागून चेंजिंग रूमसह टॉयलेट बांधून घेतलं, त्यानंतरच पहिली नाईट लागली. गाडीची अट सोपी वाटली होती, पण पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की कळव्याची गाडी अडकणार. मग उलट बाजूने, मुलुंडमार्गे फिरून जाण्याची मुभा ड्रायव्हरला लेखी दिली, कारण जादा किलोमीटरवरून ट्रान्सपोर्टवाला वाद घालतो.

दोन ज्युनियर केमिस्टनी नाईटला संमती दिली. तिसरीने नाही दिली, आणि तिच्या अप्रेझलमध्ये त्याची नोंद होणार नाही असं एचआरकडून लिहून घेतलं. संमती म्हणायचं तर नकारही फुकट असायला हवा.

रोस्टरचा बदल मात्र बायकांसाठी मागितला आणि सगळ्यांच्या पदरात पडला. पूर्वी शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पुढच्या आठवड्याची पाळी यायची. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची 88. घरी कोण किती करतं यात कंपनीने नाक खुपसू नये हे खरं, पण ज्या माणसाच्या अंगावर 289 मिनिटं आहेत त्याला शनिवारी संध्याकाळी पाळी कळवू नये, एवढं कंपनीला करता येतं. रोस्टर चार आठवडे आधी लागू लागलं. ऑपरेटर खूश झाले, कारण मुलांच्या परीक्षा आणि गावची जत्रा त्यांनाही असते. मॅडमच्या सासूबाईंनी सांगून टाकलं की तारखा भिंतीवर लाव, बाकी मी बघते.

अडचण आली ती फोनची. मॅडम नाईटला असल्या की प्रोडक्शन मॅनेजर झोपायच्या आधी एकदा आणि मध्यरात्रीनंतर एकदा फोन करायचे. सगळं ठीक ना? पुन्हा काळजीच. ऑपरेटरांनी दोन दिवसांत ताडलं की खरा इन्चार्ज फोनच्या पलीकडे आहे.

मग एका रात्री ॲडिशन (रिॲक्टरमध्ये रसायन हळूहळू सोडणं) चालू असताना ब्राइनचा (थंडावा देणाऱ्या खाऱ्या पाण्याचा) कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि रिॲक्टरचं टेंपरेचर चढू लागलं. थोडंच राहिलंय, संपवून टाकू, असं ऑपरेटरचं म्हणणं. कूलिंग नसताना ॲडिशन चालू ठेवलं तर प्रक्रिया न झालेला माल आत साचत जातो आणि एकदम उसळी घेतो. या पट्ट्यातल्या आगीच्या बातम्या ज्यांनी वाचल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. मॅडमनी ॲडिशन बंद केलं, स्टिरर चालू ठेवला, मेंटेनन्सला उठवलं, स्टँडबाय कॉम्प्रेसर लागेपर्यंत बॅच होल्डवर ठेवली. बॅच रखडली, इम्प्युरिटी थोडी वर गेली, रीप्रोसेस करावी लागली.

सकाळी हँडओव्हरला मॅनेजर चिडलेले. "मला फोन का नाही केलास?"

"सर, केला असता तर काय सांगितलं असतंत?"

"ॲडिशन बंद कर म्हणून."

"ते केलंच होतं, सर."

त्यानंतर एक कागद निघाला: कुठल्या परिस्थितीत इन्चार्जने मॅनेजरला फोन करायचा. नियम सगळ्या इन्चार्जांना एकच. त्याबाहेर मॅनेजरने फोन करायचा नाही, हेही त्यातच. सही करताना मॅनेजर हसले, पण फोन थांबले.

मधली फळी

'बाईचं कोण ऐकणार' ही भीती सगळ्यांनी ऑपरेटरांच्या नावाने घातली होती. ऑपरेटर बरेचसे आसपासच्या गावांतले, गोठिवली-तळवलीचे. राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये 2011 पासून निम्म्या जागा बायकांना आहेत; वॉर्डाचं काम नगरसेविकेकडे नेणाऱ्या माणसाला शिफ्टला बाई असण्याचं अप्रूप का वाटावं? एक जुने ऑपरेटर म्हणाले, "मॅडम निदान का ते सांगतात."

कुरकुर आली दोन शिफ्ट इन्चार्जांकडून. त्यातल्या सीनियर माणसाचं म्हणणं असं: "मी अकरा वर्षं नाईट काढल्या. पोरांचे वाढदिवस सोडले. आता नऊ महिन्यांत कुणी माझ्या पुढे जाणार?" हे ऐकून 'पुरुषी मानसिकता' असा शिक्का मारणारे सल्लागार मी पाहिलेत. त्या माणसाची तक्रार खोटी नव्हती. त्याने जी किंमत मोजली ती कंपनीनेच त्याला मोजायला लावली होती, आणि तीच एकमेव पात्रता आहे असं इतकी वर्षं त्याला भासवलं होतं. त्याच्यासाठी दोन गोष्टी करता आल्या. मॅनेजरपदाचे निकष नोटीस बोर्डावर लागले, वजनासकट, निवडीच्या आधी. आणि मॅडम प्लांटमध्ये शिकत होत्या त्या काळात त्याला ग्राहक ऑडिट आणि डेव्हिएशन तपास दिले, कारण त्याच्या फाइलमध्ये त्या कामांची तेवढीच मोठी पोकळी होती. पहिल्या ऑडिटनंतर तो मला म्हणाला, हे काम बसून करायचं असतं असं वाटायचं. निवड झाली नाही तेव्हा तो तळोज्याच्या एका कारखान्यात चांगल्या पदावर गेला. ऑडिटचा अनुभव त्याला तिथे उपयोगी पडला असं तो सांगतो, तरी त्याचं जाणं हा या प्रकरणातला तोटाच धरते.

ऑर्डर

निकषांवर मॅडम पुढे होत्या. शटडाउन वेळेत झालं होतं, यील्ड सावरत होतं. तरी निवृत्तीच्या दिवशी जी ऑर्डर निघाली तिच्यावर 'प्रभारी प्रोडक्शन मॅनेजर' लिहिलं होतं. जबाबदारी पूर्ण, ग्रेड डेप्युटीचाच. मालकांचं म्हणणं, सहा महिने बघू, घाई काय. आधीच्या दोन मॅनेजरांच्या ऑर्डरी मी काढून ठेवल्या. दोघेही पहिल्या दिवसापासून कायम.

मॅडमनी त्या ऑर्डरी मालकांना दाखवल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की सहा महिन्यांत काय बघणार ते लिहून द्या. मालक लिहायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की लिहिण्यासारखं सगळं आधीच नोटीस बोर्डावर होतं. दुसरी ऑर्डर काही आठवड्यांनी आली, मागच्या तारखेपासून आणि फरकासह. पगाराचा आकडा मात्र आधीच्या मॅनेजरांच्या सुरुवातीच्या आकड्यापेक्षा कमीच राहिला, 'क्यूसीतून आल्यामुळे'. त्यावर मॅडमची बोलणी अजून चालू आहेत.

प्रोडक्शनमध्ये आता नाईटच्या रोस्टरवर आणखी दोन नावं आहेत. पाळणाघराचं मात्र काहीच झालेलं नाही. 50 किंवा अधिक कर्मचारी असले की ते लागतं, आणि कर्मचारी म्हणजे फक्त बायका नव्हे, एकूण माणसं. इतर कारखान्यांबरोबर मिळूनही चालतं, म्हणून शेजारच्या प्लॉटवाल्यांना पत्रं गेली. उत्तर आलं, "आमच्याकडे लेडीज स्टाफ कमी आहे." कायद्याचं कलम जोडून दुसरं पत्र पाठवलं आहे. नाईट करणाऱ्या दोन केमिस्टपैकी एक डिसेंबरमध्ये बाळंतपणाच्या रजेवरून परतणार आहे.